पाट्या अनेक, इंजिने तीन : ब्राउझरविषयी वाचकांचे प्रश्न

गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावावे, ही अमेरिकी सरकारची मागणी तेथील न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्या निकालावर आम्ही एक टिपण छापले होते आणि ‘ब्राउझरच्या बाजारात खरी स्पर्धा उरलेली नाही’ असे त्यात म्हटले होते. त्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून, थोडी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मी क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा असे चार ब्राउझर वापरून पाहिले आहेत. चारही फुकट मिळतात आणि एकमेकांचे ग्राहक ओढण्याचा प्रयत्न करतात. मग स्पर्धा उरलेली नाही, हे आपले विधान कशाच्या आधारावर आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

आपण नावे घेतलेले चारही ब्राउझर आतून एकच आहेत. पत्त्याची पट्टी, टॅब, बुकमार्क, पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय हा ब्राउझरचा दर्शनी भाग झाला. त्याच्यामागे एक इंजिन असते आणि संकेतस्थळाकडून आलेला मजकूर व कोड वाचून त्याचे पडद्यावरचे पान उभे करण्याचे खरे काम ते इंजिन करते. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर या सर्वांत गूगलच्या क्रोमियम प्रकल्पातले ब्लिंक हेच इंजिन आहे. शहरातल्या दहा मिसळीच्या हॉटेलांच्या पाट्या वेगळ्या, बाके वेगळी, पण कट मात्र सगळीकडे एकाच भटारखान्यातून येतो, असे झाले तर त्याला आपण चवीची स्पर्धा म्हणणार नाही.

मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली स्वतंत्र इंजिने आज तीनच आहेत : गूगलचे ब्लिंक, ॲपलच्या सफारीतले वेबकिट आणि मोझिलाच्या फायरफॉक्समधले गेको. त्यातही ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटपासूनच फुटून निघाले आणि वेबकिट स्वतः केडीई या मुक्त प्रकल्पातल्या केएचटीएमएल नावाच्या इंजिनातून आलेले आहे. म्हणजे घराणी मोजायची तर ती दोनच भरतात. पूर्वी परिस्थिती अशी नव्हती. ऑपेराचे प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन होते, ते कंपनीने २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही स्वतःचे इंजिन आपल्याला परवडत नसल्याचे जणू मान्य करून डिसेंबर २०१८ मध्ये क्रोमियमकडे वळण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज बाजारात आणला. जगातल्या ब्राउझर वापरापैकी जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या क्रोमचा आहे; एज, ऑपेरा आणि सॅमसंग त्यात मिळवले की ब्लिंकचा वाटा आणखी वर जातो.

याने बिघडते काय, असे आपण विचाराल. क्रोमियम ओपन सोर्स आहे, कोणीही तो घेऊन बदलू शकतो, हे खरेच आहे. मात्र कोटींच्या घरात ओळी असलेला तो कोड दर काही आठवड्यांनी बदलत असतो, आणि त्यातला एखादा निर्णय नको असेल तर तो प्रत्येक नव्या आवृत्तीतून पुन्हा पुन्हा काढत बसावे लागते. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत नेमके हे दिसले. गूगलने ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नवी नियमावली लागू केल्यावर यूब्लॉक ओरिजिन हे लोकप्रिय एक्स्टेन्शन क्रोममध्ये जुन्या रूपात चालेनासे झाले, आणि क्रोमियमवर उभ्या असलेल्या इतर ब्राउझरना एकतर तो निर्णय निमूट स्वीकारावा लागला किंवा जुनी सोय स्वतःच्या खर्चाने टिकवण्याची खटपट करावी लागली. फायरफॉक्समध्ये ते पूर्वीसारखेच चालते, कारण त्याचे इंजिन वेगळे आहे.

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. २०२३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ‘वेब एन्व्हायर्नमेंट इंटेग्रिटी’ नावाचा प्रस्ताव मांडला. समोरचा ब्राउझर आणि यंत्र ‘विश्वासार्ह’ आहे की नाही याचा दाखला संकेतस्थळाला मागता यावा, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे ज्याच्याकडे दाखला नाही त्याला दारातूनच परत पाठवण्याची सोय. मोझिला, ब्रेव्ह आणि विवाल्डी यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मागे घेण्यात आला. या वेळी विरोध करायला स्वतःचे इंजिन असलेली एक संस्था तरी शिल्लक होती. वेबची मानके कोणत्याही सरकारने केलेला कायदा नाहीत. वेगवेगळ्या लोकांनी तोच मसुदा वाचून वेगवेगळी इंजिने लिहिली आणि ती एकमेकांशी जुळली, तरच त्या मसुद्याला मानक म्हणण्यात अर्थ असतो. एकच इंजिन उरले की त्यातली चूकसुद्धा मानक होते.

प्रश्न : साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे उघडली की अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसत आणि प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. एकाच कंपनीचा ब्राउझर सर्वत्र झाला तर निदान असे घोटाळे होणार नाहीत, असे मला वाटते. माझे काही चुकते का?
— निवृत्त शिक्षिका, गंगावेस

आपली आठवण अगदी बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे, आणि मराठी वाचकाने हा इतिहास नीट लक्षात ठेवावा असे आम्हाला वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या काळी अनेक मराठी फॉन्ट हे मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून तयार केलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असे. योग्य फॉन्ट असेल तर तो डोळ्यांना मराठी दिसे, नसेल तर आपण वर्णन केलेला गोंधळ. फॉन्ट आपोआप वाचकाच्या संगणकावर पोहोचावा यासाठी मायक्रोसॉफ्टने ईओटी ही स्वतःची पद्धत काढली आणि नेटस्केप या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी ब्राउझरने दुसरीच स्वीकारली. दोन्ही एकमेकांत चालत नसत. पुढे इंटरनेट एक्स्प्लोररने बाजार जिंकला, एकूण वापरात त्याचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला, आणि ईओटीच्या भरवशावर बांधलेली भारतीय भाषांमधील संकेतस्थळे फक्त त्याच ब्राउझरमध्ये नीट दिसू लागली. म्हणजे आपण सुचवता ती स्थिती एकदा प्रत्यक्षात येऊन गेली आहे.

त्या काळात काय झाले? ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. पाच वर्षे जगातल्या सर्वाधिक वापराच्या ब्राउझरला नवी आवृत्ती काढण्याची गरजच वाटली नाही. मध्यंतरी नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कोठे हालचाल झाली. देवनागरीसह जगातल्या लिप्यांना स्वतंत्र जागा देणारे युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात होते आणि विंडोज २००० मध्ये मंगल हा देवनागरी फॉन्टही आला होता. तरीही जुनी व्यवस्था चालते आहे तोवर ती बदलण्याचा खर्च कोणी करेना. सर्व ब्राउझरना चालणारे डब्ल्यूओएफएफ हे फॉन्टचे स्वरूप डब्ल्यू३सी या मानक संस्थेची अधिकृत शिफारस झाले ते डिसेंबर २०१२ मध्ये. तोपर्यंत जुन्या पद्धतीने लिहिलेला मराठी मजकूर आज शोधताही येत नाही आणि फॉन्ट हाती नसेल तर वाचताही येत नाही. आपल्या भाषेच्या एका दशकाच्या लेखनातला मोठा भाग असा अडकून पडला.

आजही स्वतंत्र इंजिनांचा मराठीशी संबंध आहे. मराठी वळणाचे ल आणि श हे हिंदीपेक्षा वेगळे असतात. फॉन्टमध्ये हे दोन्ही प्रकारचे आकार असतील तर पान मराठीत आहे, अशी खूण कोडमध्ये दिल्यावर ब्राउझरने मराठी वळण निवडायचे असते. फायरफॉक्स आणि क्रोम ही अक्षरजुळणी हार्फबझ या एका मुक्त स्रोत सॉफ्टवेअर-संचाकडून करून घेतात, तर ॲपलची व्यवस्था तिची स्वतःची आहे. दोन वेगळ्या व्यवस्था असल्यामुळेच चूक फॉन्टची की ब्राउझरची, हे ताडून पाहता येते. जाता जाता एक तक्रार नोंदवतो : मराठीतली कितीतरी संकेतस्थळे ही भाषेची खूण ‘इंग्रजी’ अशीच ठेवून देतात, आणि मग आपल्याला हिंदी वळणाचा ल वाचावा लागतो. यात कोणत्याही परदेशी कंपनीचा दोष नाही.

प्रश्न : आमचे कारखान्याचे सुटे भाग ओतण्याचे काम आहे. निविदा भरण्याच्या एका पोर्टलवर फायरफॉक्समधून गेलो की ‘क्रोम वापरा’ असा संदेश येतो. जुन्या एका कामासाठी इंटरनेट एक्स्प्लोरर असलेला संगणकही आम्ही अजून ठेवला आहे. ही अडचण तांत्रिक आहे की निव्वळ आळस?
— उद्योजक, शिवाजी उद्यमनगर

पहिल्या बाबतीत बहुतेक वेळा आळस. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो आणि काही पोर्टल ती ओळ पाहून, पुढचे काही न तपासता, दार बंद करतात. एखादी सोय ब्राउझरमध्ये आहे की नाही हे थेट विचारण्याची चांगली पद्धत गेली अनेक वर्षे उपलब्ध आहे. तथापि कंत्राटात ‘क्रोममध्ये चालले पाहिजे’ एवढेच लिहिलेले असेल तर पोर्टल बांधणारा त्यापलीकडे चाचणी करत नाही, आणि त्याला दोष देण्याआधी ते कंत्राट लिहिणाऱ्याला दिला पाहिजे.

दुसरी बाब खरोखर तांत्रिक होती. डिजिटल सहीच्या टोकनसाठी पूर्वी जावा ॲप्लेट किंवा ॲक्टिव्हएक्स, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, लागत. ही जोडणी सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याची असल्याने क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा ॲप्लेटचा आधार काढून टाकला, तर ॲक्टिव्हएक्स मुळातच इंटरनेट एक्स्प्लोररपुरते होते. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला. आपण तो जुना संगणक इंटरनेटला जोडून वापरत असाल तर कृपया थांबवावे. एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ नावाची सोय आहे आणि किमान २०२९ पर्यंत ती चालू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, तिच्यात आपले काम होते का ते आधी पाहावे.

एका ब्राउझरशी लग्न लावण्याची किंमत काय असते हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बँक व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी देशाने स्वतःची कूटपद्धत ठरवली. ती ब्राउझरमध्ये नव्हती म्हणून ॲक्टिव्हएक्सने बसवण्यात आली, आणि त्यामुळे तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला तो देश पुढे जवळपास दोन दशके इंटरनेट एक्स्प्लोररला बांधला गेला. त्या व्यवस्थेचा कायदेशीर पाया असलेल्या अधिकृत डिजिटल प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आपल्याकडे पोर्टलचे कंत्राट लिहिणाऱ्यांनी ‘क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स या तिन्हींत चालले पाहिजे’ एवढे एक वाक्य घातले तरी पुष्कळ काम होईल. तोपर्यंत आपण तक्रार मात्र करावी : पोर्टलच्या मदत विभागाकडे लेखी, आणि फायरफॉक्सच्या मेनूत बिघडलेल्या संकेतस्थळाची माहिती कळवण्याची जी सोय आहे तिच्यातून मोझिलाकडेही. अनेक संकेतस्थळांसाठी मोझिला स्वतःच्या ब्राउझरमध्ये खास दुरुस्त्या घालून ठेवते.

प्रश्न : गूगल दोषी ठरूनही क्रोम त्याच्याकडेच राहिला, हा निकाल मला समजला नाही. न्यायालय घाबरले का?
— वकील, ताराबाई पार्क

आपण कायद्याचे जाणकार आहात, म्हणून क्रम आधी सांगतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये दावा लावला. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्चच्या बाजारात गूगलने बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवली, असा निर्णय दिला. खटला सर्चचा होता, ब्राउझरचा नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. ब्राउझर उघडल्यावर जो सर्च आधीच बसवलेला असतो ती जागा गूगल पैसे देऊन विकत घेत असे. २०२१ या एका वर्षात अशा करारांवर गूगलने २६.३ अब्ज डॉलर खर्च केल्याचे खटल्यात उघड झाले, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर, म्हणजे दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळाली. सरकारने उपाय म्हणून क्रोमची विक्री मागितली. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालात मेहता यांनी ती नाकारली, केवळ गूगललाच जागा देणाऱ्या अनन्य करारांना बंदी घातली, सर्चची काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्यास सांगितले, परंतु जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही.

न्यायालय घाबरले, असे आम्हाला वाटत नाही. ते एका विचित्र पेचात सापडले होते. पैसे देणे बंद केले तर सर्वांत आधी कोण मरते? गूगल मरत नाही, ॲपलही मरत नाही. मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये न्यायालयात साक्ष दिली की मोझिलाचे सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येते आणि त्यातले सुमारे ८५ टक्के गूगलशी असलेल्या करारातून. म्हणजे क्रोमच्या कुटुंबाबाहेरचे, कोणत्याही एका यंत्राला बांधलेले नसलेले जे एकमेव मोठे इंजिन उरले आहे, त्याचे पगार क्रोमचा मालक भरतो. मक्तेदारी मोडायला जावे तर प्रतिस्पर्धीच आधी कोसळतो. ब्राउझरच्या भवितव्याचा सारा प्रश्न आमच्या मते या एका गोष्टीत आहे. ब्राउझरला कोणी किंमत मोजत नाही, आणि इंजिन लिहिण्याचा खर्च तर प्रचंड असतो. मग तो खर्च जाहिरातींच्या पैशातूनच भरला जातो आणि जाहिरातींचा पैसा ज्याच्याकडे सर्वाधिक त्याच्याकडेच इंजिन जाते. क्रोमची मालकी उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेली असती तरी हे गणित बदलले नसते. परप्लेक्सिटी या एआय कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यासाठी ३४.५ अब्ज डॉलर देऊ केले होते. ती कंपनी ते पैसे वेबवरच्या वाचकांकडूनच कोणत्या ना कोणत्या रूपात वसूल करणार होती, यात शंका घेण्याचे कारण नाही.

मायक्रोसॉफ्टच्या खटल्याशी तुलना करण्याचा मोह होतो. तेथे २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका कायम ठेवला. तोवर नेटस्केप एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या पोटात गेले होते. मात्र त्याने मार्च १९९८ मध्ये खुला केलेला कोड मोझिलाच्या रूपाने वाचला आणि स्पर्धा परत आली ती त्या कोडमधून.

आपल्याकडची बाजूही सांगायला हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडच्या ॲप स्टोअरमधल्या बळाचा वापर करून क्रोमचे ब्राउझर बाजारातले स्थान राखले, हाही त्यातला एक ठपका होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला आणि काही निर्देश वगळले. नव्या अँड्रॉइड फोनवर सर्च निवडण्याचा पडदा आयोगाच्या आदेशानंतर भारतात येऊ लागला. तो निवडताना थांबून वाचणारे किती असतील, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : एआय कंपन्यांनी स्वतःचे ब्राउझर काढले आहेत. ही नवी स्पर्धा नव्हे का?
— वाचक, शाहूपुरी

दर्शनी भागाची आहे, इंजिनाची नाही. परप्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा ॲटलास हे २०२५ मध्ये आलेले दोन्ही ब्राउझर क्रोमियमवरच बांधलेले आहेत. शिवाय त्यांत एक नवा धोका आहे. पानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूचना लिहून ठेवल्या तर मदतनीस म्हणून बसवलेला एआय त्या आपल्याच सूचना समजून पाळू शकतो, आणि आपले ईमेल किंवा बँकेचे टॅब उघडे असतील तर ते त्याच्या हाती असतात. ब्रेव्हच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये कॉमेटबाबत असे करून दाखवले. आर्थिक व्यवहारांसाठी असा ब्राउझर तूर्त वापरू नये.

नवी इंजिने खरेच लिहिली जात आहेत ती दुसरीकडे. मोझिलाने सुरू केलेले आणि २०२० मध्ये सोडून दिलेले सर्वो आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाढते आहे. लेडीबर्ड हे दुसरे. अँड्रियास क्लिंग यांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि सर्चच्या कराराचे पैसे घ्यायचे नाहीत असे तिचे धोरण आहे. देणग्यांवर इंजिन उभे राहील का, हे पाहण्यासारखे असेल. भारत सरकारनेही २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा घेतली आणि पहिले पारितोषिक झोहोला मिळाले; झोहोचा उला हा ब्राउझर चांगला आहे, पण तोही क्रोमियमवरच आहे.

प्रश्न : मी हाताने केलेल्या कोल्हापुरी चपला विकते. ग्राहक बहुतेक इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरूनच येतात. वेगळे संकेतस्थळ करण्याचा खर्च करावा का? की आता लोक एआयलाच विचारणार असतील तर त्याचा उपयोग नाही?
— व्यावसायिक, शिवाजी रोड

करावा, पण थोडक्यात भागवावे. १९९३ च्या एप्रिल महिन्यात सर्न या संशोधन संस्थेने वेबचे तंत्रज्ञान कोणत्याही शुल्काविना सर्वांना खुले केले. त्यामुळेच आपल्या पत्त्यावर आपले पान टाकायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. समाजमाध्यमावरच्या खात्याचे नियम आपण ठरवत नाही. खाते बंद झाले तर छायाचित्रे, ग्राहकांचे संदेश, अभिप्राय सारे एका रात्रीत जाते. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळते, आणि हवे असल्यास ते देवनागरीत .भारत या शेवटासह २०१४ पासून घेता येते, जरी छापील पिशवीवर रोमन पत्ता अधिक सोयीचा असतो.

एआयविषयीची आपली शंका रास्त आहे. गूगलची एआयने लिहिलेली उत्तरे भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागली, आणि ज्यांचे उत्पन्न पानावर येणाऱ्या वाचकांवर अवलंबून आहे, अशा प्रकाशकांची चिंता खरी आहे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने जुलै २०२५ पासून तिच्याकडे येणाऱ्या नव्या संकेतस्थळांसाठी एआयचे यांत्रिक वाचक आपोआप अडवण्याचे धोरण घेतले. मात्र प्रकाशकाचे हित आणि आपले हित येथे वेगळे आहे. प्रकाशक मजकूर विकतो, आपण चप्पल विकता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एखाद्या यंत्राला जरी विचारले की अस्सल माल कोणाकडे मिळेल, तर त्याने आपले पान वाचलेले असणे आपल्याच फायद्याचे आहे. म्हणून यांत्रिक वाचकांना अडवू नका. चामडे कोणते, शिलाई कशी, माप कसे घ्यावे, किंमत काय, दुकान कोठे, हे सारे चित्रात न घालता साध्या मजकुरात लिहा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे. ॲप काढण्याच्या फंदात पडू नका. आणि पान बांधणाऱ्याने ते आयफोनच्या सफारीवर उघडून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, कारण परगावचे, विशेषतः परदेशातले पुष्कळसे ग्राहक तेथूनच येतील.

प्रश्न : आयफोनवर क्रोम घेतला तर तो ब्लिंकवर चालतो की वेबकिटवर?
— वाचक, इचलकरंजी

वेबकिटवर. भारतासह बहुतेक देशांत ॲपलने आयफोनवर दुसऱ्या इंजिनाला परवानगी दिलेली नाही. भारतात तेथे क्रोम, फायरफॉक्स, एज हे सारे वेबकिटचे वेगळे वेष आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे ही अट सैल झाली, परंतु युरोपसाठी वेगळे ॲप करून सांभाळावे लागत असल्याने ब्राउझर कंपन्या त्याबाबत फारशा उत्साही नाहीत. ही सक्ती अन्यायाची आहेच. तरी एक गोष्ट अवघडत का होईना मान्य केली पाहिजे की, आयफोनवरच्या या सक्तीमुळेच वेब बांधणाऱ्यांना क्रोमशिवाय आणखी एका इंजिनाचा विचार करावा लागतो. ती उद्या जगभर उठली आणि फायरफॉक्स तोवर आणखी खंगलेला असला, तर मोकळी झालेली जागा ब्लिंकच घेईल.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात वाचकांसाठी संगणक ठेवायचे आहेत. कोणता ब्राउझर बसवावा, आणि आमचे जुने बुकमार्क दुसरीकडे नेता येतील का?
— ग्रंथपाल, गडहिंग्लज

दोन बसवावेत : फायरफॉक्स मुख्य म्हणून, आणि क्रोम किंवा एज दुसरा म्हणून, कारण काही सरकारी पोर्टले पहिल्यावर अडतील. फायरफॉक्सचा सारा दर्शनी भाग मराठीतही मिळतो, तो जरूर मराठीत ठेवावा. सार्वजनिक संगणक असल्यामुळे बंद करताना इतिहास आणि कुकी आपोआप पुसल्या जातील आणि पासवर्ड जपून ठेवण्याची विचारणा होणार नाही, अशी मांडणी दोन्ही ब्राउझरमध्ये करून ठेवावी.

बुकमार्क नेणे सोपे आहे. कोणत्याही ब्राउझरमधून ते एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येतात. ही फाइल नेटस्केपच्या काळात ठरलेल्या स्वरूपात असते आणि एकमेकांशी भांडणारे सारे ब्राउझर ती आजही मुकाट्याने वाचतात. कार्यालयाचे पासवर्ड हलवायचे असतील तर ते सीएसव्ही फाइलमध्ये निघतात. त्या फाइलमध्ये ते उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात, म्हणून नव्या ब्राउझरमध्ये घेतल्याबरोबर ती फाइल पुसावी आणि रीसायकल बिनही रिकामा करावा.